टेक्स्टची उंची कोणी सांभाळायची: तुम्ही, शीटने की सॉफ्टवेअरने?

प्लॉटरमधून ए-१ शीट बाहेर आली, टेबलावर पसरली आणि पहिली नजर गेली ती टॉयलेटच्या डिटेलवर. 'टॉयलेट' हा एकच शब्द कमोडपासून वॉश बेसिनपर्यंत आडवा झोपला होता. त्याच शीटच्या कोपऱ्यातल्या की-प्लॅनवर (संपूर्ण प्लॅनच्या छोट्या नकाशावर) खोल्यांची नावं म्हणजे मुंग्यांची रांग. मधला मुख्य प्लॅन तेवढा नेटका. तिन्हीकडे टेक्स्ट तेच होतं, मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकावरच्या मूळ ड्रॉइंगमध्ये, एकदाच लिहिलेलं, २५० उंचीचं. मुख्य प्लॅन १:१०० ला होता, तिथे ते कागदावर २.५ मिमी उतरलं. डिटेल १:२० ला, तिथे साडेबारा मिमी. की-प्लॅन १:२०० ला, तिथे सव्वा मिमी. २५० ला त्या त्या स्केलने भागलं की हेच येणार, कॅडने, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरने, काहीच चुकवलं नव्हतं. शीट माझीच असल्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी सापडलंही नाही.

या गोंधळाचं मूळ एका साध्या गोष्टीत आहे. कॅडमध्ये आपण वस्तू खऱ्या मापाने काढतो. ९०० मिमीचं दार ९०० चंच काढायचं, लहान-मोठं करण्याचं काम प्लॉटच्या वेळी. पण 'बेडरूम' या शब्दाला जागेवर टेप लावून मोजता येईल अशी उंचीच नसते. तो शब्द फक्त कागदावर असतो. मग खऱ्या मापाच्या प्लॅनमध्ये त्याला किती उंच ठेवायचं, हे कुणीतरी स्केलचा हिशोब करून ठरवावं लागतं. ऑटोकॅड आणि त्याच्या धर्तीच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये हा हिशोब तीन ठिकाणी करता येतो: तुमच्या डोक्यात, लेआउटवर (छापायच्या शीटवर) किंवा सॉफ्टवेअरमध्ये. तिन्ही मार्ग चालतात. कुठला कुणाला परवडतो, एवढंच बघायचं आहे.

आधी कागदावरचे मिलिमीटर

मार्ग कुठलाही घ्या, छापल्यावर अक्षर किती मिमी हवं हे आधी ठरलेलं पाहिजे. ते न ठरवता स्क्रीनवर बघून 'बरं दिसतंय' म्हणत उंची टाकली, तर तिन्ही मार्ग सारखेच वाईट. स्क्रीनवर झूम केलं की सगळंच वाचता येतं.

आयएसओ ३०९८ या मानकात अक्षरांच्या उंचीची मालिका दिलेली आहे: १.८, २.५, ३.५, ५, ७, १०, १४ आणि २० मिमी. हे आकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. प्रत्येक उंची आधीच्या उंचीच्या सुमारे १.४ पट आहे, म्हणजे दोनच्या वर्गमुळाइतकी. ए मालिकेतल्या कागदांचंही गणित तेच. त्यामुळे ५९४ × ८४१ ची ए-१ शीट कमी करून ४२० × ५९४ च्या ए-२ वर छापली, की ३.५ चं अक्षर आपोआप २.५ वर येतं, मालिकेतल्या खालच्या पायरीवर. याच मानकातल्या बी प्रकारच्या अक्षरात रेघेची जाडी उंचीच्या एक दशांश असते. २.५ च्या अक्षराला ०.२५ ची रेघ, ३.५ ला ०.३५, ५ ला ०.५. शाईच्या पेनांचे जुने संच ज्यांनी वापरले आहेत, त्यांना हे आकडे पेनांच्या टोपणांवर पाहिल्याचं आठवेल.

माझा संच असा: डायमेन्शन (मापांचे आकडे) आणि टिपा २.५, खोल्यांची नावं ३.५, प्रत्येक ड्रॉइंगखालचं शीर्षक ५, टायटल ब्लॉकमधला (शीटच्या माहितीच्या चौकटीतला) शीट नंबर ७. बस. एका शीटवर चारपेक्षा जास्त उंची असल्या की शीट लग्नपत्रिकेसारखी दिसायला लागते.

एक गोष्ट मात्र ठरवण्याआधी विचारून घ्या: तुमची शीट खरोखर कुठल्या कागदावर वाचली जाते? ए-१ ची शीट तपासायला ए-३ वर छापायची सवय असेल, तर सगळं बरोब्बर अर्ध्यावर येतं. २.५ चं १.२५ होतं आणि ते वाचायला भिंग लागतं. अशा ठिकाणी सगळ्यात लहान अक्षर ३.५ धरा. अर्धं झालं तरी १.७५ उरतं, म्हणजे मालिकेतल्या सर्वात खालच्या पायरीच्या जवळपास.

मार्ग पहिला: मॉडेलमध्येच, गुणाकार करून

हा सर्वात जुना मार्ग आहे आणि अजून जिवंत आहे. कागदावरची उंची गुणिले स्केल, झाली मॉडेलमधली उंची. ड्रॉइंग मिमीमध्ये असेल तर २.५ साठी १:५० ला १२५, १:१०० ला २५०, १:२०० ला ५००. ड्रॉइंग मीटरमध्ये असेल तर १:१०० ला ०.२५. इथे पुष्कळ जण गडबडतात: मिमीच्या सवयीने २५० टाकतात, एन्टर मारतात आणि स्क्रीन रिकामी दिसते. ती रिकामी नसते, तुम्ही पाव किलोमीटर उंच अक्षराच्या पोटात उभे असता.

डायमेन्शनसाठी प्रत्येक आकडा वेगळा गुणायची गरज नाही. डायमेन्शन स्टाइलमध्ये (मापं कशी दिसायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) टेक्स्ट २.५, बाण २.५ अशी कागदावरची मापं तशीच ठेवायची आणि 'डिमस्केल' १०० करायचं. टेक्स्ट, बाण, रेघेचं पुढे आलेलं टोक, सगळं एकदम शंभरपट होतं. ऑटोकॅडच्या मेट्रिक टेम्प्लेटमधली 'आयएसओ-२५' ही डायमेन्शन स्टाइल २.५ च्याच टेक्स्टची आहे, तिथून सुरुवात केली तर हात कमी चालवावा लागतो.

या मार्गाचं बळ म्हणजे त्याचा साधेपणा. टेक्स्टला एकच उंची, ती प्रॉपर्टीजमध्ये दिसते, कुणालाही कळते. फाइल जुन्या व्हर्जनमध्ये उघडा, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा, डीएक्सएफ (प्रोग्रॅममधल्या देवाणघेवाणीचा फाइल प्रकार) करून मशीनवाल्याला पाठवा, ती तशीच राहते. गायब होत नाही, दोनदा दिसत नाही. एका फाइलचं एकच स्केल असेल तर याहून शहाणा मार्ग नाही, असं मी अजूनही म्हणतो.

स्केल दोन झाली की त्रास सुरू. एकच प्लॅन १:१०० आणि १:५० ला दाखवायचा, तर नावं दोनदा लिहावी लागतात, एक २५० ची, एक १२५ ची. ती दोन लेयरवर (ड्रॉइंगच्या वेगवेगळ्या थरांवर) ठेवायची आणि प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे शीटवरून मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीत, नको तो लेयर फ्रीझ करायचा, म्हणजे लपवायचा. हे चालतं, वर्षानुवर्षं चाललेलं आहे. पण मग कुणीतरी 'स्टोअर' चं 'पूजाघर' करतं, एका लेयरवर करतं आणि दुसऱ्यावर विसरतं. एकाच शीटवर एकाच खोलीची दोन नावं असलेली ड्रॉइंग मी पाहिली आहेत. साइटवरच्या माणसाने फोन करून विचारलं तेव्हा कळलं.

शेवटच्या क्षणी स्केल बदललं आणि सगळं टेक्स्ट लहान-मोठं करायचं झालं, तर 'स्केल' कमांड वापरू नका. ती एका बिंदूभोवती सगळं ताणते आणि नावं आपापल्या खोल्या सोडून निघून जातात. 'स्केलटेक्स्ट' वापरा. ती प्रत्येक टेक्स्टला त्याच्याच मूळ बिंदूवर ठेवून उंची बदलते. ही एक कमांड माहीत असणाऱ्याचा पहिला मार्ग बराच सुसह्य होतो.

मार्ग दुसरा: लेआउटवर

लेआउट म्हणजे कागद. तिथे २.५ हवं तर २.५ टाका. गुणाकार नाही, भागाकार नाही, मीटर-मिमीचा घोळ नाही. शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी समजतं, आणि प्लॉट १:१ ला काढला की टाकलं तेच मिळतं.

डायमेन्शनसुद्धा लेआउटवर टाकता येतात. 'डिमअसोक' ही सेटिंग २ असेल, तर लेआउटवरून व्ह्यूपोर्टमधल्या भिंतीचे बिंदू पकडले की आकडा मॉडेलमधल्या खऱ्या मापाचा येतो. ऑटोकॅड २००२ पासून ही सोय आहे. त्याआधी प्रत्येक स्केलसाठी वेगळा गुणक लावून हे करावं लागायचं, ते आठवून कुणी हळहळणार नाही.

मग सगळंच इथे का लिहू नये? कारण लेआउटवरचं टेक्स्ट म्हणजे चित्रावर ठेवलेल्या काचेवरची अक्षरं. खालचं चित्र सरकलं तरी काच जागच्या जागी. व्ह्यूपोर्टच्या आत चुकून माउसचं चाक फिरलं किंवा आर्किटेक्टने भिंत दीड मीटर हलवली, की 'किचन' पॅसेजमध्ये जाऊन उभं राहतं. दुसरा तोटा उशिरा कळतो. ही फाइल स्ट्रक्चरवाल्याने किंवा प्लंबिंगवाल्याने एक्सरेफ (आपल्या ड्रॉइंगला बाहेरून जोडलेली फाइल) म्हणून जोडली, की त्याला फक्त मॉडेल मिळतं, लेआउट येत नाही. त्याच्याकडे बिननावाच्या खोल्या जातात आणि तो 'नावं पाठवा' म्हणून मेल करतो. तिसरं म्हणजे एकच प्लॅन तीन लेआउटवर असेल तर नावं तीनदा लिहायची. म्हणजे पहिल्या मार्गातला दुहेरी लिखाणाचा रोग इथेही आहेच, फक्त वेगळ्या वॉर्डात.

म्हणून मी लेआउटवर तेवढंच ठेवतो जे कागदाचं आहे: टायटल ब्लॉक, सर्वसाधारण टिपा, ड्रॉइंगची शीर्षकं, स्केलचा उल्लेख, चिन्हांची यादी, दारं-खिडक्यांचा तक्ता. जे भिंतीचं आहे ते भिंतीजवळच, मॉडेलमध्ये. चुकून भलतीकडे लिहिलं गेलं असेल तर 'सीएचस्पेस' कमांड ते मॉडेलमधून लेआउटवर किंवा उलट हलवते आणि व्ह्यूपोर्टच्या स्केलप्रमाणे उंचीही बदलून देते. पुसून पुन्हा टाइप करायची गरज नाही.

मार्ग तिसरा: अ‍ॅनोटेटिव्ह

ऑटोकॅड २००८ मध्ये आलेली ही सोय. कल्पना अशी की टेक्स्टला उंची द्यायची ती कागदावरची, आणि सोबत सांगायचं की तू कुठल्या कुठल्या स्केलला दिसायचं. बाकीचा गुणाकार सॉफ्टवेअर करतं.

जवळून बघू. टेक्स्ट स्टाइलच्या (टेक्स्टचा फाँट, उंची ठरवण्याच्या) खिडकीत 'अ‍ॅनोटेटिव्ह' वर टिक करा, कागदावरची उंची ३.५ द्या. मॉडेलमध्ये या, खाली स्टेटस बारवर अ‍ॅनोटेशन स्केल १:१०० करा आणि 'टॉयलेट' लिहा. मॉडेलमध्ये ते ३५० चं झालेलं दिसेल. आता ते टेक्स्ट निवडून 'ऑब्जेक्टस्केल' कमांडने १:२० जोडा. लेआउटवर दोन व्ह्यूपोर्ट करा, एक १:१०० चा, एक १:२० चा. पहिल्यात तेच टेक्स्ट ३५० चं दिसतं, दुसऱ्यात ७० चं, आणि कागदावर दोन्हीकडे साडेतीन मिमी. टेक्स्ट एकच आहे. 'टॉयलेट' चं 'बाथरूम' केलं की दोन्हीकडे बदलतं. शिवाय प्रत्येक स्केलला त्याची जागाही वेगळी ठेवता येते: १:२० चं स्केल चालू असताना ग्रिप (टेक्स्ट निवडल्यावर दिसणारा छोटा चौकोन) धरून नाव कोपऱ्यात सरकवा, १:१०० ला ते मधेच राहतं. जागांचा फारच विचका झाला तर 'अ‍ॅनोरीसेट' सगळ्यांना पुन्हा एका जागी आणतं.

पहिल्या दोन मार्गांत जो दुहेरी लिखाणाचा रोग होता, त्यावर खरं औषध हेच. मग सगळे हेच का वापरत नाहीत? कारण औषधाचे स्वतःचे त्रास आहेत, आणि ते कुणी न सांगता भोगावे लागतात.

पहिला त्रास: टेक्स्ट गायब. व्ह्यूपोर्टचं स्केल १:५० केलं आणि टेक्स्टला १:५० जोडलेलंच नाही, तर ते तिथे दिसत नाही. नवखा माणूस घाबरून पुन्हा लिहितो, आणि मग एका जागी दोन टेक्स्ट. स्टेटस बारवर सगळी अ‍ॅनोटेटिव्ह टेक्स्ट दाखवण्याचं बटण असतं, 'अ‍ॅनोऑलव्हिजिबल' नावाचं. शोधाशोध करताना ते चालू करा, काम झालं की बंद करा.

दुसरा त्रास त्याच्या शेजारच्या बटणाचा, 'अ‍ॅनोऑटोस्केल' चा. हे चालू असताना तुम्ही अ‍ॅनोटेशन स्केल बदललं, की नवं स्केल फाइलमधल्या, आधीचं स्केल असलेल्या सगळ्या अ‍ॅनोटेटिव्ह टेक्स्टला चिकटतं. 'जरा १:५०० ला कसं दिसतं बघू' म्हणून कुणी क्लिक केलं की डायमेन्शनपासून टिपांपर्यंत प्रत्येकाच्या खिशात १:५०० जाऊन बसतं. आठवडाभराने टेक्स्ट निवडलं की त्याच्याभोवती पाच-सहा भुतं, म्हणजे त्याचीच इतर स्केलची पुसट रूपं, दिसतात. मी हे बटण बंदच ठेवतो आणि स्केल हाताने जोडतो.

तिसरा त्रास व्ह्यूपोर्टचा. व्ह्यूपोर्टचं स्केल आणि त्याचं अ‍ॅनोटेशन स्केल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्केलच्या यादीतून निवडलं की दोन्ही जुळतात, पण नंतर आत जाऊन झूम केलं की व्ह्यूपोर्टचं स्केल १:९३.७ वगैरे काहीतरी होतं आणि अ‍ॅनोटेशन स्केल १:१०० च राहतं. अक्षरं थोडीशीच मोठी छापली जातात, म्हणून पटकन लक्षातही येत नाही. उपाय एकच: स्केल दिल्या दिल्या व्ह्यूपोर्ट लॉक करा.

मीटरमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. यादीतलं १:१०० म्हणजे कागदाचं एक एकक बरोबर ड्रॉइंगची शंभर एककं. कागद मिमीत आणि ड्रॉइंग मीटरमध्ये असेल तर हे जुळत नाही आणि अक्षर हजारपट मोठं येतं. अशा वेळी 'स्केललिस्टएडिट' मध्ये स्वतःचं स्केल करावं लागतं: कागदाचं १ एकक म्हणजे ड्रॉइंगचं ०.१. त्याला नाव देताना यादीतल्या १:१०० पेक्षा वेगळं काहीतरी द्या, नाहीतर घाईत चुकीचं निवडलं जाईल. याच कमांडमध्ये 'रीसेट' आहे. दहा एक्सरेफ जोडलेल्या फाइलमध्ये स्केलची यादी कोळ्याच्या जाळ्यासारखी वाढते, तेव्हा तेच उपयोगी पडतं.

जुनं टेक्स्ट अ‍ॅनोटेटिव्ह करताना आधी चालू अ‍ॅनोटेशन स्केल बघा. २५० चं टेक्स्ट १:१०० चालू असताना बदललं तर कागदावरची उंची २.५ धरली जाते. १:१ चालू असताना बदललं तर २५० धरली जाते. मग पुढची दुपार त्याच्या निस्तरण्यात जाते.

आणि शेवटचा त्रास माणसांचा. फाइल २००७ किंवा त्याआधीच्या फॉरमॅटमध्ये द्यायची असेल तर 'सेव्हफिडेलिटी' ही सेटिंग १ ठेवावी लागते, म्हणजे प्रत्येक स्केलचं टेक्स्ट वेगळ्या लेयरवर जाऊन दिसणं टिकतं. ज्या प्रोग्रॅमला अ‍ॅनोटेटिव्ह कळतच नाही, त्यात काय उघडेल ते आधी एकदा पाठवून बघावं. टीममध्ये चार जण असतील आणि दोघांनाच हे येत असेल, तर उरलेले दोघे आठवड्याभरात त्यात साधं टेक्स्ट मिसळून टाकतात. ड्रॉइंग बिघडायला तेवढं पुरतं.

तिन्ही एका नजरेत

| | मॉडेलमध्ये गुणून | लेआउटवर | अ‍ॅनोटेटिव्ह |
|---|---|---|---|
| टाकायची उंची | २५० | २.५ | २.५ |
| दुसरं स्केल लागलं तर | पुन्हा लिहा | पुन्हा लिहा | स्केल जोडा |
| प्लॅन हलला तर | सोबत हलवता येतं | मागे राहतं | सोबत हलवता येतं |
| एक्सरेफमध्ये | जातं | जात नाही | जातं, स्केल जुळलं तर दिसतं |
| शिकायला | सोपं, पण गणित हवं | सगळ्यात सोपं | वेळ लागतो |

स्टाइलमध्ये उंची शून्य की पक्की?

हा वेगळा प्रश्न आहे असं वाटतं, पण त्याचं उत्तर वरच्या निवडीतच दडलेलं आहे.

स्टाइलमध्ये उंची ० ठेवली, की एका ओळीचं टेक्स्ट टाकताना प्रत्येक वेळी ती विचारली जाते आणि मागची उंची पुढे केली जाते. पक्की उंची दिली की विचारणं बंद. पक्क्या उंचीने शिस्त राहते, शून्याने मोकळीक.

आता हिशोब करा. पहिल्या मार्गात पक्की उंची घेतली, तर तीन उंच्या आणि चार स्केल म्हणजे बारा स्टाइल. ती यादी कुणीही पाळत नाही. तिथे शून्यच बरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात स्केलचा प्रश्न स्टाइलच्या बाहेर गेलेला असतो, म्हणून तीन-चारच स्टाइल लागतात: 'टीप-२५', 'नाव-३५', 'शीर्षक-५०'. तिथे पक्की उंची द्या. नावातच उंची असली की नवा माणूसही चुकत नाही.

अपवाद डायमेन्शनचा. डायमेन्शन स्टाइलमध्ये जी टेक्स्ट स्टाइल वापरणार, तिची उंची शून्यच हवी. तिला पक्की उंची असेल तर डायमेन्शनच्या खिडकीतला उंचीचा खण करडा पडतो आणि तिथे काही टाइपच करता येत नाही. 'डायमेन्शनचं टेक्स्ट बदलत नाहीये' ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच बघायला सांगतो. डायमेन्शनसाठी एक वेगळी, शून्य उंचीची स्टाइल करून ठेवली की झालं.

आणखी एक गैरसमज. स्टाइलचा फाँट बदलला की त्या स्टाइलचं आधीचं सगळं टेक्स्ट बदलतं. उंची किंवा रुंदीचा गुणक बदलला तर मात्र आधी लिहिलेलं एका ओळीचं टेक्स्ट तसंच राहतं, बदल नव्या टेक्स्टलाच लागतो. जुन्याची उंची बदलायला प्रॉपर्टीज किंवा 'स्केलटेक्स्ट' लागतंच. स्टाइलमध्ये आकडा बदलून 'ओके' दाबून वाट बघत बसू नका.

फाँट: एसएचएक्स की ट्रू-टाइप

एसएचएक्स म्हणजे रेघांची अक्षरं, 'सिम्प्लेक्स', 'रोमन्स', 'आयएसओसीपी' वगैरे. त्यांची जाडी रेघेसारखी लेयरवरून किंवा प्लॉट स्टाइलवरून ठरते, म्हणून २.५ च्या अक्षराला ०.२५ चं पेन देता येतं. ट्रू-टाइप म्हणजे एरियलसारखी भरलेली अक्षरं. त्यांची जाडी फाँटच ठरवतो. एसएचएक्समध्ये दिलेली उंची ही सहसा मोठ्या अक्षराची उंची असते, ट्रू-टाइपमध्ये फाँटागणिक ती थोडी इकडे-तिकडे होते. म्हणून एका शीटवर दोन्ही मिसळले तर २.५ आणि २.५ सारखे दिसतीलच असं नाही.

तांत्रिक ड्रॉइंगला मी एसएचएक्सकडे झुकतो, बारीक अक्षर स्वच्छ येतं म्हणून. पण दोन ठिकाणी ट्रू-टाइपच घ्यावा. एक, पीडीएफमध्ये शब्द शोधता यायला हवे असतील तेव्हा, कारण एसएचएक्सची अक्षरं पीडीएफमध्ये नुसत्या रेघा होतात. दोन, मजकूर देवनागरीत असेल तेव्हा, कारण सोबत मिळणाऱ्या एसएचएक्स फाँटांत देवनागरी नसते. स्वतः कुठून आणलेला अनोळखी एसएचएक्स फाँट वापरत असाल तर तो फाइलसोबत पाठवा. समोरच्याकडे तो नसेल तर 'फाँटऑल्ट' मध्ये ठरवलेला फाँट लागतो, बहुधा सिम्प्लेक्स. अक्षरांची रुंदी बदलते आणि तक्त्यातले शब्द चौकटीबाहेर डोकावतात.

रुंदीचा गुणक ०.८ पर्यंत ठीक. त्याखाली अक्षरं गर्दीच्या डब्यात कोंबल्यासारखी दिसतात. जागा पुरत नसेल तर शब्द कमी करा.

आणि 'स्टँडर्ड' या नावाच्या स्टाइलमध्ये काहीही लिहू नका. दुसऱ्या फाइलमधून टेक्स्ट पेस्ट केलं आणि दोन्हीकडे एकाच नावाची स्टाइल असली, तर येणारं टेक्स्ट मुकाट्याने समोरच्या फाइलचा फाँट घेतं. प्रत्येक फाइलमध्ये 'स्टँडर्ड' असतेच, आणि प्रत्येकाची वेगळी असते.

मग कोणी काय घ्यावं

एकटे काम करता, एका फाइलला एकच स्केल, फाइल मशीनवर किंवा वेगवेगळ्या प्रोग्रॅमवाल्यांकडे जाते: मॉडेलमध्ये गुणून लिहा, स्टाइलची उंची शून्य. वरचं अ‍ॅनोटेटिव्हचं सगळं विसरून जा.

सुटी डिटेल, वेगवेगळ्या स्केलची, प्रत्येक एकदाच छापली जाणारी आणि कुणी एक्सरेफ न करणारी: लेआउटवर लिहिलं तरी बिघडत नाही, डायमेन्शनसकट. व्ह्यूपोर्ट तेवढे लॉक करा.

एकच प्लॅन दोन-तीन स्केलला जात असेल आणि महिनोन्‌महिने बदलत राहणार असेल, तर अ‍ॅनोटेटिव्ह शिकण्यात घातलेला आठवडा वसूल होतो. पण टीममधल्या सगळ्यांनी एकत्र शिकायचं, आणि स्टाइल टेम्प्लेट फाइलमध्ये आधीच करून ठेवायच्या. चालू प्रोजेक्टच्या मध्यावर मार्ग बदलू नका. पुढच्या प्रोजेक्टपासून बदला.

त्या टॉयलेटच्या शीटचं शेवटी मी हेच केलं. शीर्षकं आणि टिपा 'सीएचस्पेस' ने लेआउटवर नेल्या. खोल्यांची नावं १:१०० चालू ठेवून अ‍ॅनोटेटिव्ह केली, त्यांना १:२० आणि १:२०० जोडलं. डायमेन्शनला फक्त १:१०० आणि १:२० दिलं. की-प्लॅनवर मापांची गर्दी कशी काढायची याचा विचार करत होतो, लेयर फ्रीझ करायला गेलो, तर ती तिथे नव्हतीच. १:२०० त्यांना दिलेलंच नव्हतं.